आधी इंजिन, मग पिच: किनाऱ्यावर उडणाऱ्या हलक्या विमानांच्या मालकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आमच्या कार्यशाळेत विमान घेऊन येणाऱ्या ग्राहकांची सर्वांत नेहमीची मागणी अशी असते: "इंजिन पूर्ण फेरे घेत नाही, प्रोपेलरचा पिच जरा कमी करून द्या." ही मागणी ऐकताच आम्ही पाना हातात घेत नाही, आणि त्यामुळे काहींना कामाला उशीर झाल्यासारखे वाटते. त्यामागचे कारण आपल्याला नीट कळावे यासाठी हे पत्रक लिहिले आहे. येथील आकडे रोटॅक्स ९१२ यूएलएस हे १०० अश्वशक्तीचे इंजिन आणि जमिनीवर कोन बदलता येणारा प्रोपेलर यांना धरून दिले आहेत. आपले इंजिन वेगळे असेल, तर त्याच्या पुस्तिकेतील आकडेच प्रमाण मानावेत.

स्क्रू लाकडात फिरताना एका फेऱ्यात जितका पुढे सरकतो, तितका त्याचा पिच असतो, आणि प्रोपेलरच्या पात्याचा कोन हेच अंतर ठरवतो. १.७ मीटर व्यासाच्या प्रोपेलरचे पाते त्रिज्येच्या तीन चतुर्थांश अंतरावर २० अंशांत बसवले, तर एका फेऱ्यात हिशेबाने सुमारे १.४६ मीटर अंतर निघते. तेच पाते १९ अंशांत बसवले तर १.३८ मीटर. गिअरबॉक्सचे प्रमाण २.४३ असल्याने, म्हणजे इंजिनाच्या २.४३ फेऱ्यांना प्रोपेलरचा एक फेरा होत असल्याने, इंजिनाच्या ५५०० फेऱ्यांना प्रोपेलर मिनिटाला सुमारे २२६३ फेरे घेतो, म्हणजे फक्त एका अंशाच्या फरकाने हिशेबातला वेग ताशी १९८ किलोमीटरवरून १८७ वर येतो. प्रत्यक्षात हवेत घसरण होत असल्याने विमानाचा वेग याहून वेगळा भरतो, परंतु अर्ध्या अंशालाही किती किंमत आहे हे यावरून लक्षात यावे. आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलर चालवणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. पंखा जास्त पिचचा बसला की इंजिन दमते आणि काळा धूर सोडते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

या इंजिनाला मिनिटाला ५८०० फेरे जास्तीत जास्त पाच मिनिटे चालतात आणि सतत चालवण्याची मर्यादा ५५०० आहे. समपातळीवर उडताना पूर्ण थ्रॉटल दिल्यावर (म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा पूर्ण पुढे सारल्यावर) फेरे ५५०० ते ५८०० यांच्या दरम्यान स्थिरावले, तर पिच योग्य आहे असे आम्ही मानतो. पूर्ण थ्रॉटल देऊनही ते ५२०० च्या खाली राहत असतील, तर इंजिन ओझ्याखाली चालत आहे. अशा वेळी सिलिंडरमधील दाब व उष्णता वाढते आणि त्याचा त्रास पिस्टनला व गिअरबॉक्सला होतो. उलट पिच फार कमी असेल तर विमान जमिनीवरून लवकर उचलते, पण हवेत थ्रॉटल थोडा पुढे सारताच मर्यादा ओलांडली जाते.

घाटावरून किनाऱ्यावर विमान आणणाऱ्यांचा एक प्रश्न हमखास असतो. पुण्याच्या परिसरात, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर जुळवलेला पिच इथे आल्यावर बदलावा का? आमचे उत्तर बहुधा "नाही" असे असते. दाट हवेत इंजिनाची ताकद वाढते तसा प्रोपेलरवरचा भारही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो, त्यामुळे फेऱ्यांत फारसा फरक पडत नाही. इथे आल्यावर फेरे दोनतीनशेने बदललेले दिसले, तर कारण हवेत नसून विमानात आहे असे समजून शोध घ्यावा.

आमच्याकडे आलेल्या एका विमानाचे फेरे ४८०० च्या वर जात नव्हते आणि मालकांचा आग्रह पिच दोन अंशांनी उतरवण्याचा होता. तपासणीत असे आढळले की थ्रॉटलच्या एका केबलच्या आवरणात खाऱ्या हवेने गंज धरला होता, त्यामुळे हवा व पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या दोन कार्ब्युरेटरपैकी डावा पूर्ण उघडतच नव्हता. पिच उतरवला असता तर फेरे दिसायला बरोबर आले असते. पुढे कधीतरी केबल बदलल्यावर तेच इंजिन पहिल्याच उड्डाणात मर्यादेबाहेर धावले असते. केबल बदलली, दोन्ही कार्ब्युरेटर जुळवले आणि पिचला हातही न लावता विमान परत गेले.

म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे. प्रथम विमानातील टॅकोमीटर, म्हणजे फेरे दाखवणारा मापक, खरे बोलतो का, हे प्रकाशावर चालणाऱ्या मापकाने प्रोपेलरचे फेरे मोजून पडताळले जाते. नंतर दोन्ही कार्ब्युरेटर निर्वात-मापक लावून एकमेकांशी जुळवले जातात. ते जुळलेले नसतील तर मंद फेऱ्यांवर इंजिन थरथरते आणि तो मार गिअरबॉक्स खातो. कार्ब्युरेटरचे फ्लोट (आतील इंधनाची पातळी राखणारे तरंगते तुकडे) काढून तोलले जातात, कारण पेट्रोल शोषून जोडीचे वजन ७ ग्रॅमच्या वर गेले की इंधनाची पातळी बिघडते. ज्या रबरी सॉकेटवर कार्ब्युरेटर बसतो, त्याला चिरा पडल्या आहेत का, हे आम्ही वाकवून पाहतो. शेवटी ४००० फेऱ्यांवर ठिणगी देणारे दोन्ही इग्निशन आळीपाळीने बंद केले जातात. एकावर चालताना फेरे ३०० पेक्षा जास्त घटता कामा नयेत आणि दोहोंच्या घटीतील फरक ११५ च्या आत असावा.

हे सर्व ठीक निघाल्यावरच आम्ही पिचकडे वळतो. विमान समतल उभे करून, मोजायचे पाते दर वेळी त्याच आडव्या स्थितीत आणून, निर्मात्याने सांगितलेल्या ठिकाणी डिजिटल कोनमापक लावला जातो. पात्यांच्या कोनांत आपसांत ०.२ अंशांहून अधिक फरक आम्ही राहू देत नाही, कारण सर्व पाती थोडी चुकीची असणे परवडते, पण एकच पाते वेगळे असेल तर विमान हादरते. एका अंशाने फेऱ्यांत साधारण २०० ते ३०० चा फरक पडतो, त्यामुळे एका वेळी अर्ध्या अंशाहून मोठा बदल आम्ही करत नाही. बोल्ट टॉर्क पान्याने निर्मात्याच्या क्रमाने आवळले जातात, उड्डाणानंतर पुन्हा तपासले जातात आणि जुना व नवा कोन लॉगबुकात लिहिला जातो.

लाकडी प्रोपेलर असलेल्यांनी एक गोष्ट विशेष जपावी. आपल्याकडे पावसात लाकूड फुगते आणि डिसेंबरपासून आक्रसते, आणि ते आक्रसले की पावसात घट्ट वाटलेले बोल्ट सैल होतात. म्हणून पाऊस संपल्यावर आणि हिवाळा लागल्यावर असे दोनदा टॉर्क तपासून घ्यावा, आणि विमान उभे असताना दोन पात्यांचा प्रोपेलर आडवा ठेवावा, म्हणजे ओल खालच्या पात्यात उतरणार नाही. पाती कोणत्याही प्रकारची असोत, जांभ्याच्या सड्यावर सुट्या खड्यांजवळ इंजिन तापवू नये. ते खडे वर खेचले जाऊन पात्याच्या पुढच्या कडेला टवके पाडतात, आणि तेथूनच पुढे चीर जाते.

इंधनाबाबत आम्हाला खरी काळजी वाटते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर या इंजिनाच्या निर्मात्याने १० टक्क्यांपर्यंतच मान्यता दिली आहे. इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते, आणि आपल्या किनाऱ्यावर ओलीला तोटा नाही. चाचणी घरीही करता येते: अरुंद मापनळीत १० मिलिलिटर पाण्यावर ९० मिलिलिटर पेट्रोल ओतून हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे; खालचा थर १० वरून सुमारे २८ पर्यंत चढला, तर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. विमानाचे शिसेयुक्त पेट्रोल प्रामुख्याने वापरत असाल, तर ऑइल १०० ऐवजी ५० तासांनी बदलावे, कारण शिशाचा गाळ ऑइलच्या टाकीत आणि गिअरबॉक्समध्ये साचतो.

ऑइल इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हींना एकच असल्यामुळे विमानाचे नेहमीचे ऑइल किंवा घर्षण कमी करणारी मिश्रणे यात घालू नयेत. त्यांनी गिअरबॉक्समधील क्लच घसरतो. पातळी पाहण्यापूर्वी दोन्ही इग्निशन बंद असल्याची खात्री करून, तरीही इंजिन केव्हाही सुरू होईल असे समजून, प्रोपेलर त्याच्या फिरण्याच्या दिशेनेच हाताने फिरवावा, आणि टाकीतून गुळगुळ असा आवाज आला की मगच ऑइलची पातळी दाखवणारी काडी पाहावी. जमिनीवर ऑइल ५० अंश सेल्सिअसला पोहोचेपर्यंत उड्डाण करू नये. उड्डाणाच्या दिवशी एकदा तरी ते १०० अंशांच्या आसपास जाऊ द्यावे, म्हणजे आत साठलेली ओल वाफ होऊन निघून जाते.

या इंजिनाची ओव्हरहॉलची, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त करण्यापूर्वीची मुदत २००० तास किंवा १५ वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, अशी आहे. किनाऱ्यावरच्या बहुतेक विमानांचे तास कमी आणि वर्षे जास्त भरतात, म्हणून इंधनाच्या व कूलंटच्या रबरी नळ्या तास न पाहता दर पाच वर्षांनी बदलाव्यात. समुद्रावरून उडून आल्यावर रेडिएटर, हब (पाती बसतात तो प्रोपेलरचा मधला भाग) आणि एक्झॉस्टचे स्प्रिंग गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवावेत. दाबाचा फवारा वापरू नये, आणि हवेच्या फिल्टरमध्ये व इग्निशनच्या पेट्यांत पाणी जाऊ देऊ नये.

१ जूनला मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढून शाकारल्या जातात. पावसाळ्यात उडवायचे नसेल तर विमानालाही तशीच तयारी लागते. ऑइल उभे करण्यापूर्वीच बदलावे, कारण वापरलेल्या ऑइलमधील आम्ल चार महिने बेअरिंगला लागून राहते. इथेनॉलयुक्त पेट्रोल टाकीतून व कार्ब्युरेटरमधून काढून टाकावे, हवा घेण्याचे मार्ग आणि एक्झॉस्ट बंद करून त्यांवर ठळक लाल फीत बांधावी. आठवड्याला पाच मिनिटे इंजिन चालवून ठेवण्याची पद्धत आम्ही सुचवत नाही, कारण तेवढ्याने ओल निघत नाही, उलट आत वाढते.

विमान आणताना लॉगबुक, शेवटच्या ऑइल बदलाचे तास आणि शक्य असल्यास समपातळीवर पूर्ण थ्रॉटल दिल्यावरचे फेरे, वेग व त्या वेळचे बाहेरचे तापमान लिहून आणावे. एवढी माहिती हाती असली तर बहुतेक विमाने आम्ही दोन दिवसांत परत देऊ शकतो.