कोयना नदी

कोयना ही कृष्णा नदीची सातारा जिल्ह्यातील प्रमुख उपनदी असून तिची लांबी सुमारे १३० किमी. आहे. महाबळेश्वरच्या पठारावर ती उगम पावते. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या बहुतेक पूर्ववाहिनी नद्या घाटमाथा सोडताच पूर्वेची वाट धरतात. कोयना मात्र जवळजवळ निम्मा प्रवास घाटमाथ्याला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे करते. पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग आणि पूर्वेस बामणोलीची रांग, यांच्यामधल्या अरुंद, दाट जंगलाच्या खोऱ्यात ती अडकलेली आहे. प्रतापगडाच्या परिसरात पार येथे तिच्यावर शिवकालीन दगडी पूल आहे. पुढे तापोळ्याजवळ तिला सोळशी नदी मिळते.

या खोऱ्यावर मोसमी वाऱ्यांचा पूर्ण मारा होतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर नदीच्या अखेरीस कऱ्हाडला त्याच्या एक पंचमांशही पडत नाही. एवढे पाणी कोकणच्या कड्यापासून काही किलोमीटरवर, पण कोकणपट्टीच्या शेकडो मीटर वर वाहते, ही स्थिती वीजनिर्मितीला अत्यंत अनुकूल ठरली. हेळवाकजवळ नदी काटकोनात पूर्वेस वळते. या वळणाच्या अलीकडे, कोयनानगर येथे, १०३ मी. उंचीचे धरण बांधले आहे. त्यामागील शिवसागर जलाशयाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) असून फुगवटा थेट तापोळ्यापर्यंत जातो. जलाशयातील बरेचसे पाणी बोगद्यांतून पश्चिमेस उतरवून त्यावर वीज निर्माण केली जाते व नंतर ते कोकणातील वाशिष्ठी नदीत सोडले जाते. त्यामुळे बंगालच्या उपसागराकडे जाणारे पाणी चिपळूणमार्गे अरबी समुद्रास मिळते. प्रकल्पाची एकूण क्षमता १,९०० मेगावॉटहून अधिक आहे. राज्याला मिळालेल्या या विजेची किंमत मात्र खोऱ्यातल्या गावांनी मोजली: अनेक गावे पाण्याखाली गेली, कित्येक कुटुंबे दूरच्या जिल्ह्यांत वसवली गेली आणि त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पुढे कित्येक दशके रेंगाळले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे येथे विनाशकारी भूकंप झाला. जलाशयातील पाण्यामुळे उद्भवणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात कोयनेचे उदाहरण जगभर दिले जाते.

वळणानंतर खोरे रुंदावते व शेती दिसू लागते. पाटणला केरा नदी मिळते. मोरणा आणि वांग याही याच टप्प्यातील उपनद्या होत. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कोयना व कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात. महाबळेश्वरला एकाच पठारावर उगम पावलेल्या या दोन नद्या येथून एका पात्राने पुढे जातात.