आमेर की जयगड? जयपूरला निघालेल्या मराठवाडकरांसाठी

जयपूर फिरून आलेल्यांचे फोटो बघताना एक घोळ हमखास सापडतो. खाली लिहिलेलं असतं ‘आमेर किल्ला’ आणि फोटोत सगळे उभे असतात जयवाण तोफेपुढे. ती तोफ आमेरची नव्हे, जयगडची. पण चूक होणं साहजिक आहे. आमेरच्या पहिल्याच चौकात मान वर केली की डोंगरमाथ्यावर तट आणि बुरूज दिसतात. देवगिरी बघत मोठे झालेले आपण. खाली महाकोट, वर बालेकिल्ला आणि सगळं मिळून एकच किल्ला, ही सवय डोळ्यांना लागलेली. त्यामुळे वरचा तट हा आमेरचाच बालेकिल्ला असणार असं धरून चालतो आणि खालूनच फोटो काढून परत फिरतो.

प्रत्यक्षात ते दोन वेगळे किल्ले आहेत. वाट वेगळी, तिकीट वेगळं आणि बांधण्यामागचं कारण तर पार वेगळं. आमेर राहण्यासाठी, दरबार भरवण्यासाठी आणि पाहुण्यावर छाप पाडण्यासाठी. जयगड त्या आमेरची राखण करण्यासाठी. आपल्याकडे एकाच डोंगरात कोंबलेल्या दोन गोष्टी आमेरच्या कछवाहा राजांनी दोन ठिकाणी मांडल्या, एवढं ध्यानात ठेवलं की पुढचा गोंधळ होत नाही.

आमेर ही कछवाहा राजपुतांची जयपूरच्या आधीची राजधानी, आजच्या शहरापासून साधारण ११ किलोमीटरवर. आज दिसणारा राजवाडा अकबराचा सेनापती राजा मानसिंग याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतला आणि पुढच्या राजांनी त्यात भर घातली. सूरजपोल या दरवाजातून जलेब चौकात, तिथून पायऱ्या चढून सिंहपोल, मग दिवाण-ए-आम, मग रंगवलेला गणेशपोल आणि त्याच्या आत शीशमहाल. प्रत्येक दारागणिक आतला माणूस मोठा होत जातो. देवगिरीची अंधारी भुयारवाट शत्रूला चाचपडायला लावते. आमेरची वाट पाहुण्याला दिपवण्यासाठी आहे. मावठा तलावाच्या बाजूने हत्तीवरून डुलत वर येणं म्हणूनच त्या जागेला शोभायचं. आता मात्र चढावर त्या हत्तींचे हाल बघवत नाहीत. पायी जा नाहीतर जीप करा.

शीशमहालापुढे झुंबड असते आणि समोरचं सुखनिवास लोक ओलांडून जातात. तिथे थांबावं. भिंतीतल्या संगमरवरी उतारावरून पाणी सोडत, ते दालनातल्या पाटातून वाहत बागेकडे जाई आणि त्यावरून येणारा वारा खोली गार करी. बाहेर राजस्थानचा उन्हाळा आणि आत ही युक्ती. कूलर लावूनही मे महिन्यात तगमग होणाऱ्या परभणी-नांदेडच्या माणसाला तिचं मोल वेगळं सांगायला नको.

जलेब चौकातल्या शिलादेवीच्या देवळात नवरात्रात मोठी गर्दी होते. ही कछवाह्यांची कुलदेवी असं बरेचजण सांगतात, पण त्यांची कुलदेवी जमवाय माता. शिलादेवीची मूर्ती मानसिंगाने बंगालच्या मोहिमेवरून आणली. देवळाची चांदीची दारं बघण्यासारखी आहेत.

जयगडावर गेलं की हवाच बदलते. किल्ल्याला आजचं रूप १७२६ च्या सुमारास आलं. लांबी साधारण तीन किलोमीटर, रुंदी एक, आणि लाल दगडाचे जाड तट. लक्ष्मीविलास, ललितमंदिर, आराममंदिर असे महाल वरही आहेत, पण आमेर बघून आल्यावर ते साधे वाटतात. आराममंदिराच्या बाजूने खाली आमेरचा अख्खा पसारा आणि मावठा तलाव दिसतो. वरून पहारा म्हणजे काय, ते तिथे उभं राहिल्यावर उमगतं.

मला जयगडात सगळ्यात भावतात ते पाण्याचे हौद. आजूबाजूच्या डोंगरांवर पडणारं पावसाचं पाणी कित्येक किलोमीटरच्या उघड्या पाटांनी किल्ल्यात आणलेलं आहे. सगळ्यात मोठ्या हौदात ६० लाख गॅलन पाणी मावतं असं सांगतात. वेढा पडला तरी शिबंदी तहानेने मरू नये, ही सोय. देवगिरीचा हत्तीहौद बघितलेल्या माणसाने इथे पाट कुठून कुठे येतात ते जरूर शोधावं. गाईड सहसा ते दाखवत नाहीत, त्यांना तोफेकडे जायची घाई असते.

याच हौदांखाली खजिना असल्याची वदंता होती. आणीबाणीत, १९७६ मध्ये, सरकारने तिथे खरोखरच शोध घेतला, लष्कराचे लोकही लावले. पाकिस्तानच्या भुट्टोंनी पत्र लिहून त्यात वाटा मागितला होता. खजिना काही सापडला नाही, असं सरकारने जाहीर केलं. गाईडच्या तोंडून मात्र तो रोज सापडतो.

तोफ बघण्याआधी ती जिथे घडली तो कारखाना बघा, कारण तोफा ओतण्याची अशी जागा क्वचितच शिल्लक आहे. वाऱ्याचा झोत भट्टीत ओढून घेणारी रचना आहे आणि ओतलेल्या नळीला आतून भोक पाडायचं यंत्र आहे. ते बैलांच्या जोड्या फिरवत, जुन्या गुऱ्हाळातल्या चरकासारखं. जयवाण इथेच १७२० मध्ये घडली. वजन सुमारे ५० टन, नळी २० फुटांची, आणि चाकांवरच्या तोफांत ती त्या काळची सर्वात मोठी गणली जाते. नळीवर हत्ती, मोर आणि वेलबुट्टी आहे. देवगिरीची मेंढा तोफ मागे कोरलेल्या मेंढ्याच्या तोंडामुळे लक्षात राहते, ही आकारामुळे. लढाईत ती एकदाही डागली नाही. चाचणीचा एकच बार काढला, गोळा ३५ किलोमीटरवर चाकसूला पडला आणि तिथे तळं झालं, असं सांगतात. ३५ किलोमीटरचं मी तरी काही मनावर घेत नाही.

आता दुसरा घोळ, जो खास मराठी माणसाचाच. जयपुरात जयसिंगाचं नाव निघालं की आपल्याला पुरंदरचा तह आठवतो. ते मिर्झाराजे जयसिंग. १६६५ मध्ये शिवाजी महाराजांकडून २३ किल्ले घेणारे. पुढे विजापूरची मोहीम फसली, ते औरंगाबादला परतले आणि १६६७ मध्ये बुऱ्हाणपूरला वारले. संभाजीनगरात बेगमपुऱ्याजवळचा जयसिंगपुरा त्यांच्याच नावाचा. करणपुरा, पदमपुरा, पहाडसिंगपुरा हेही दख्खनेत आलेल्या अशाच राजपूत सरदारांचे. मिर्झाराजे आमेरचे राजे होते, जयपूर त्यांनी बघितलंच नाही. त्यांच्या खुणा शोधायच्या तर आमेरला. दिवाण-ए-आम आणि शीशमहाल त्यांच्या काळातले, शीशमहालाचं दुसरं नाव जयमंदिर.

जयपूर वसवणारे सवाई जयसिंग त्यांचे खापरपणतू. १७२७ मध्ये विद्याधर भट्टाचार्यांच्या हाताने आखीव शहर उभं करणारे, जंतरमंतर बांधणारे आणि पहिल्या बाजीरावांशी ज्यांची १७३६ मध्ये भेट झाली ते. जयगडचं आजचं रूप आणि जयवाण तोफ, दोन्ही या सवाई जयसिंगांच्या काळातली. तेव्हा जयगडावर पुरंदरचा राग काढण्यात अर्थ नाही.

आता जायचं कसं. आमेर सरकारी पुरातत्त्व खात्याकडे आहे, शहरातल्या सरकारी स्थळांचं एकत्रित तिकीट तिथे चालतं. जयगड राजघराण्याच्या ट्रस्टकडे, तिथे ते तिकीट चालत नाही. फाटकावर हुज्जत घालणारी मराठी कुटुंबं मी पाहिली आहेत. २०१३ मध्ये राजस्थानचे सहा डोंगरी किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत आमेरचं नाव आहे, जयगडचं वेगळं नाही.

सकाळी उघडताच आमेर गाठावं, ऊन तापायच्या आत शीशमहाल उरकावा. आमेरहून जयगडाकडे जुना भुयारी मार्ग आहे, तो चालू असेल तर त्यानेच चढा. दोन्ही किल्ले एकमेकांसाठी बांधलेत, हे त्या चढणीवर पायांनाच कळतं. सोबत म्हातारी माणसं असतील तर गाडीने वळसा घालून वर जा. त्याच रस्त्याने पुढे नाहरगड लागतो, तो संध्याकाळसाठी ठेवा. आणि वेळ खरोखरच एकाच किल्ल्यापुरता असेल तर? घरच्यांना महाल बघायचे असतील तर आमेर. देवगिरी दोन-चारदा चढून झालेला असेल, बुरूज, हौद आणि तोफांत जीव रमत असेल, तर आमेर खालून बघा आणि सरळ जयगड गाठा.