काम सांगण्याआधी हे वाचा: गाडीला काय शोभतं, काय उपयोगी पडतं

आमच्या साताऱ्याच्या गाड्या सजवायच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "काय लावलं तर गाडी भारी दिसंल?" आमचा उलटा प्रश्न ठरलेला आहे: गाडी फिरते कुठं? रोज कराडला हायवेनं, की पावसाळ्यात केळघर घाटातून महाबळेश्वरला?

घाटातल्या धुक्याला घाबरून बरेच जण जास्त वॅटचे बल्ब मागतात. हेडलाइटचा एच-४ बल्ब मूळचा ६०/५५ वॅटचा (अप्पर/डिपर). त्या जागी १००/९० चा नुसता खोचला, तर सगळा करंट जुन्या बारीक वायरींतून जातो. वितळून बल्बला चिकटलेले होल्डर आम्ही पकडीनं ओढून काढलेत. त्यापेक्षा मूळ बल्ब ठेवून रिलेचं (बॅटरीतून जाड वायरीनं थेट करंट देणाऱ्या स्विचचं) वायरिंग घाला. बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज पोचला की तोच बल्ब लख्ख पेटतो. हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एलईडी बसवला, तर उजेड फाकतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. धुक्यात बंपरमधले खालचे फॉगलॅम्प लावा. अप्पर मारलात तर पुढं पांढरी भिंत उभी राहते.

टायरचंही तसंच. १६५/८० आर१४ मापाच्या टायरच्या जागी थोडा रुंद १८५/७० आर१४ घातला, तर एकूण व्यासात एक टक्काही फरक पडत नाही, म्हणजे स्पीडोमीटर बिघडत नाही. छोट्या गाडीला १७ इंची अलॉय म्हणजे मात्र नाकापेक्षा मोती जड. टायरची कड पातळ होते आणि पहिल्या खड्ड्यात रिम वाकते.

आता भडकपणाचं. लालभडक गाडीला आम्ही नावं ठेवत नाही. खटकतं ते सोंग. जुन्या फॉर्च्युनरच्या बोनेटवरचं नाक खालच्या इंटरकूलरला (इंजिनात जाणारी हवा गार करणाऱ्या जाळीला) हवा देतं. तसलंच प्लास्टिकचं नाक डबल टेपनं वॅगनआरला चिकटवलं, तर ते कशाला हवा देणार? डिकीवरचा मोठा पंखही गावातल्या वेगाला निव्वळ ओझं. एकदा असा पंख बसवताना आमच्याच हातून सीलंट कमी पडलं आणि श्रावणात स्टेपनीखाली तळं साचलं. डिकी आम्ही फुकट दुरुस्त करून दिली. तेव्हापासून पत्र्याला भोक पाडायचं तर ग्राहकाची सही घेतो.

मागच्या काचेवरच्या 'आईचा आशीर्वाद'बद्दल आमचं मत विचारू नका, आमच्याही गाडीवर आहे. डॅशबोर्डवरचा गणपती तेवढा एअरबॅगच्या झाकणावर चिकटवू नका. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल, तर कव्हर एअरबॅग फुगताना उसवेल अशा शिवणीचं हवं.

काही कामं आम्ही करतच नाही. ४१४१ ची 'दादा' करणारी नंबरप्लेट, काचांना काळी फिल्म (२०१२ पासून सुप्रीम कोर्टाची बंदी) आणि लोखंडी क्रॅशगार्ड. गार्डमुळे धक्का थेट चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) बसतो आणि एअरबॅगचं वेळेचं गणित चुकतं. त्यावर कारवाई करा, असं केंद्रानं २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. बेकायदा बदलाला दर बदलामागं ₹५,००० दंड मालकाला होतो, दुकानदार भरत नाही. रंग बदलायचा असेल, तर आधी आरटीओत आरसीवर नोंदीचं बघा.

येताना आरसी आणि असल्यास वॉरंटीचे कागद आणा. काढलेले मूळ पार्ट पिशवीत बांधून देतो, ते आठवणीनं घेऊन जा. गाडी विकताना गिऱ्हाईक तेच विचारतं.