एनडीएचा अर्ज : बारावीला गणित नसेल तर?

‘आर्मीला गणित लागत नाही’ हे कुणाकडून तरी ऐकून अर्ज भरणारी मुलंमुली दरवर्षी भेटतात. वाक्य अर्धंच खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यापायी वर्ष जातं. एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, लष्करासाठी कला, वाणिज्य, विज्ञान कुठलीही बारावी चालते. हवाई दल, नौदल आणि नौदल अकादमीसाठी मात्र बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित तिन्ही लागतात. परीक्षा सगळ्यांना एकच. पात्रतेत गणित मागितलं नाही म्हणून गणिताचा पेपर सुटत नाही!

तो पेपर ३०० गुणांचा. १२० प्रश्न, अडीच तास, कॅल्क्युलेटर नाही. बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकलं तर ०.८३ वजा, म्हणजे तीन चुकांत एक बरोबर उत्तर गेलं. सामान्य क्षमता चाचणी ६०० गुणांची असते, म्हणून ‘तिथे भरून काढू’ असं मुलं म्हणतात. तसं होत नाही. एकूण कट-ऑफसोबत प्रत्येक विषयात वेगळी किमान टक्केवारी लावतात. अलीकडे ती २० किंवा २५ राहिली आहे. २५ धरा : ७५ गुण, म्हणजे एकही चूक न करता ३० प्रश्न. दहावीनंतर गणित सुटलेल्यांनी संच, त्रिकोणमिती, संख्याशास्त्र, संभाव्यता इथून सुरुवात करावी. कलनाच्या (कॅल्क्युलस) मागे आधी लागून धीर खचलेली मुलं मी पाहिली आहेत.

मराठी माध्यमवाल्यांची आणखी एक अडचण. पेपर इंग्रजी आणि हिंदीतच असतो. हिंदीत संभाव्यतेला ‘प्रायिकता’, संचाला ‘समुच्चय’, निश्चयकाला ‘सारणिक’ म्हणतात. गणित येत असून शब्दापाशी अडणं फार जिव्हारी लागतं. या संज्ञांची वही आजच करा.

जीवशास्त्र गटातून बारावी झालेल्यांचं फक्त गणित राहिलेलं असतं. आपल्या राज्य मंडळाच्या परीक्षेला ‘तुरळक विषय’ घेऊन बसता येतं. अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत. मंडळाच्या तारखा कुणी घरी येऊन सांगत नाही, महाविद्यालयाच्या कार्यालयात तुम्हालाच खेटे घालावे लागतील. नव्या गुणपत्रिकेसोबत जुनीही जपा. आणि हवाई दल किंवा नौदल पसंतीत टाकण्याआधी ही दोन गुणपत्रिकांची जोडी चालेल का, हे परीक्षा घेणाऱ्या केंद्रीय लोकसेवा आयोगाला (यूपीएससी) ई-मेलने विचारून उत्तर छापून ठेवा. तोंडी ‘चालतं हो’वर विसंबू नका.

आता वय. मर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस, पण ती अर्जाच्या दिवशी मोजत नाहीत. अधिसूचनेत दोन जन्मतारखा दिलेल्या असतात, त्यांच्या मधे तुमची बसली पाहिजे. २०२५ च्या पहिल्या परीक्षेसाठी त्या २ जुलै २००६ आणि १ जुलै २००९ होत्या. वयात सवलत कुणालाच नाही, जातीचा दाखला असला तरी नाही. गणितासाठी एक वर्ष घालवणार असाल तर आधी पुढच्या किती परीक्षा हाती उरतात ते मोजा. बारावीला बसलेले अर्ज करू शकतात, अकरावीचे नाही.

अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर, शुल्क १०० रुपये. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींना माफ. अविवाहित असणं बंधनकारक. नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच भरा. आपल्याकडे तिथे आडनाव आधी असतं आणि आधारवर शेवटी, आणि यातूनच पुढे कागद अडतात. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून अधिसूचना येण्याची वाट पाहू नका.

दहावीत असाल तर एनडीएची तयारी करून घेणाऱ्या, छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची (मुलींसाठी नाशिकची) प्रवेश परीक्षा जरूर द्या. तिथेही गणित असतंच, पण दहावीतच कळलं तर अकरावीला गणित घेणं अजून तुमच्या हातात असतं.