तट गेला, खंदक उरला: विटेल्सबाखचा नाहीसा झालेला किल्ला

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातल्या आयखाख शहराजवळ ओबरविटेल्सबाख हे खेडं आहे. तिथल्या टेकाडावर एक चर्च आणि १८३४ साली पूर्ण झालेलं दगडी स्मारक दिसतं, किल्ला मात्र दिसत नाही. १९१८ पर्यंत बव्हेरियावर राज्य करणाऱ्या विटेल्सबाख घराण्याला नाव मिळालं ते इथल्याच किल्ल्यावरून. (जवळच्या उंटरविटेल्सबाखमधला पाण्याने वेढलेला वाडा वेगळा, गल्लत करू नये.)

किल्ला पडला तो घरच्याच माणसाच्या हातून. २१ जून १२०८ रोजी बांबेर्ग इथे याच घराण्यातल्या ऑटो आठवा याने जर्मनीचा राजा फिलिप याचा खून केला. पुढच्या मार्चमध्ये डॅन्यूबकाठी ऑटो मारला गेला आणि त्याचा चुलत भाऊ, बव्हेरियाचा ड्यूक लुडविग पहिला, याने त्या खुनापायी १२०९ मध्ये किल्ला जमीनदोस्त केला.

पण जमीनदोस्त म्हणजे पुसून टाकलेला नव्हे. घडीव दगड मोलाचा असतो, म्हणून लोक तो पायासकट उपसून नेतात. मागे रिकामा चर राहतो. त्यात चुन्याचा चुरा, फुटके तुकडे आणि भुसभुशीत माती भरते. आजूबाजूच्या घट्ट मातीत हा पट्टा वेगळा उठून दिसतो, त्यामुळे एकही दगड हाती न लागता भिंतीची रुंदी आणि दिशा कळते. खंदकाचं तर कोणी काहीच नेत नाही. तो बुजवायला हजारो गाड्या माती लागते, म्हणून तो बहुधा तसाच सोडला जातो.

लाकडी खांब कुजला की त्याच्या जागी काळपट गोल डाग राहतो. १९८० च्या सुमारास इथे उत्खनन झालं, ते अशाच खुणा वाचण्यासाठी. रीत अशी: थापीने माती सपाट तासायची, ती सुकून रंग फिके पडू लागले की पाणी फवारायचं आणि खड्डा आधी अर्धाच कापायचा, म्हणजे उभ्या छेदात थर मोजता येतात. कालमापनासाठी कोळसा उचलताना घाई नडते. जुन्या ओकच्या गाभ्याचा तुकडा घेतला तर वय शंभरेक वर्षांनी जास्त निघू शकतं. जळका दाणा किंवा बारीक काडी घ्यावी.

जंगलात दडलेले असे किल्ले शोधायला आता विमानातून लेझर सोडतात आणि तो जमिनीवरून परतायला किती वेळ लागला ते मोजतात. प्रकाश १ नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो; जाऊन-येऊन धरलं तर तेवढ्या वेळातून १५ सेंटिमीटरचा फरक कळतो. पानं गळलेल्या दिवसांत उड्डाण करतात आणि पानांवरून, फांद्यांवरून परतलेले ठिपके गाळून फक्त जमिनीचे ठेवतात. दाट सूचिपर्णी झाडांखाली हे ठिपके विरळ पडतात आणि उथळ चर निसटतो. या ठिपक्यांपासून बनवलेल्या उंचसखल नकाशावर संगणकाने कृत्रिम उजेड एकाच दिशेने टाकला तर त्या दिशेला समांतर असलेला बांध अदृश्य होतो. म्हणून तो निदान चार-पाच दिशांनी टाकून पाहावा.

सगळ्यात फसवा प्रकार कोळसा पाडण्याच्या जुन्या भट्ट्यांचा. उतारावर कोरलेला सपाट गोल नकाशात थेट बुरुजाच्या जोत्यासारखा दिसतो. जागेवर जाऊन बारीक नळीने मातीचा नमुना काढावा: कोळशाचा जाड काळा थर लागला आणि चुन्याचा कणही नसला, तर ती बहुतेक भट्टीच.