वैयक्तिक शेततळ्याचा अर्ज : आधी सातबारा, मग पोर्टल

विदर्भाच्या कोरडवाहू पट्ट्यात पाऊस वर्षाची सरासरी गाठतो तेव्हासुद्धा पीक हातचे जाते, कारण सोयाबीन शेंगा भरण्यावर असताना पावसाचा खंड पडतो आणि नंतर दोन दिवसांत महिन्याचे पाणी वाहून जाते. अशा खंडात एखादे संरक्षित पाणी देता आले तर घरची तूर-डाळ घरात राहते आणि सोयाबीन बाजारात जाते. खारपाणपट्ट्यातील अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या गावांना तर भूजलच खारे असल्यामुळे साठवलेल्या पावसाच्या पाण्याखेरीज फारसा मार्ग नाही. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून वैयक्तिक शेततळ्यासाठी आकारमानानुसार कमाल 75,000 रुपये अनुदान मिळते, आणि तरीही दरवर्षी गरजू शेतकऱ्यांचे अर्ज परत येतात. ते का परत येतात, हे सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

पात्रता सोपी आहे. अर्जदाराच्या स्वतःच्या नावावर किमान 0.40 हेक्टर जमीन असावी (कोकणात ही अट 0.20 हेक्टर आहे), जागा तांत्रिकदृष्ट्या शेततळ्यास योग्य असावी आणि पूर्वी शेततळ्याचा शासकीय लाभ घेतलेला नसावा. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर करायचा असतो. शेवटी 23 रुपये 60 पैशांचे शुल्क भरल्याखेरीज तो सादर होत नाही. माहिती भरली म्हणजे अर्ज झाला, असे समजून वर्षभर थांबलेले शेतकरी मी पाहिले आहेत.

खरी अडचण पात्रतेतील ‘स्वतःच्या नावावर’ या दोन शब्दांत आहे. जमीन कसणारा मुलगा असतो आणि सातबाऱ्यावर नाव वारलेल्या वडिलांचे, कित्येकदा आजोबांचे असते. वारस नोंदीसाठी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, मृत्यू प्रमाणपत्र आणि सर्व वारसांचा तपशील देऊन अर्ज करावा लागतो. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस ठेवले जातात आणि त्यानंतर मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरील नावाचा बदल, प्रमाणित करतात. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावे गाळू नका. कायद्याने त्या वारस आहेत, आणि गाळलेले नाव पुढे हरकत होऊन उभे राहते.

ज्या कागदाने सर्वाधिक लोक अडतात तो म्हणजे आजोबांचे मृत्यू प्रमाणपत्र. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, परंतु तीस-चाळीस वर्षांपूर्वी घरी झालेल्या मृत्यूची नोंद अनेक कुटुंबांनी केलेलीच नाही. एक वर्ष उलटून गेल्यावर ग्रामपंचायत स्वतःच्या अधिकारात नोंद करू शकत नाही. त्यासाठी सक्षम दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि त्यात महिने जातात. बुलढाणा जिल्ह्यात सुरू होऊन 2025 मध्ये राज्यभर राबवलेल्या जिवंत सातबारा मोहिमेचा हेतू मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे आणण्याचाच होता. तिच्यातूनही तुमचे खाते सुटले असेल, तर शेततळ्याचा विचार मनात आला त्याच आठवड्यात हे काम हाती घ्या. माणूस गेल्याचे साऱ्या गावाला ठाऊक असताना त्याच्या नातवाला चार टेबलांवर फिरवणे मला अन्यायाचे वाटते, पण आज नियम असा आहे.

फेरफार झाला तरी एक पायरी उरते. 15 एप्रिल 2025 पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक आहे, आणि वारसाने मिळालेला नवा गट त्या क्रमांकाला आपोआप जोडला गेला असेल असे गृहीत धरू नये. तो जोडला आहे की नाही हे अर्जापूर्वी तपासावे. आधार आणि सातबारा यांवरील नावात फरक असेल तर तोही आधीच दुरुस्त करावा. खाते सामाईक असल्यास इतर खातेदारांचे संमतिपत्र तयार ठेवावे, कारण अर्जाची निवड झाल्यावर पुण्याला असलेल्या भावाची सही मिळेपर्यंत कागदपत्रे चढवण्याची मुदत निघून जाते.

मुदतीचा घोळ आणखी एका कारणाने होतो. कागदपत्रे चढवण्याची मुदत निवडीच्या दिवसापासून मोजली जाते, तुम्हाला ती कळली त्या दिवसापासून नाही. सेवा केंद्रात घाईगर्दीत केंद्रचालकाचाच मोबाईल क्रमांक टाकला गेला, तर निवडीचा संदेश तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. स्वतःचा क्रमांक टाकून घ्या आणि आठवड्यातून एकदा अर्जाची स्थिती पाहा.

एक विनंती हात जोडून करतो : पूर्वसंमती हाती येण्यापूर्वी खोदू नका. उन्हाळ्यात जेसीबी गावात आला, भाव बरा मिळाला, म्हणून खोदून घेतलेल्या तळ्याला अनुदान मिळत नाही. सहायक कृषी अधिकारी जागेची आखणी करतात, अक्षांश-रेखांशासह छायाचित्रे घेतली जातात, त्यानंतरच खोदाई सुरू करायची असते. अनुदान काम पूर्ण होऊन मोजमाप झाल्यावर आधार जोडलेल्या बँक खात्यात जमा होते, म्हणजे खोदाईचा खर्च आधी तुम्हालाच उभा करावा लागतो. तो सावकाराकडून उचलणार असाल तर लहान आकाराचे तळे घेतलेले बरे.

आकार ठरवताना हिशेब मांडून पाहा. 30 बाय 30 मीटर लांबी-रुंदीच्या, 3 मीटर खोल आणि बाजूंचा उतार एकास एक असलेल्या तळ्यात 2,196 घनमीटर पाणी मावते. एका हेक्टरला 5 सेंटीमीटरचे एक पाणी द्यायचे तर 500 घनमीटर लागते, म्हणजे कागदावर चार हेक्टरांचे एक पाणी झाले. बाष्पीभवन आणि पाझर धरता प्रत्यक्षात त्याहून कमी भिजते. खोल काळ्या जमिनीत पाझर कमी असतो. मुरमाड जमिनीत अस्तरीकरणाशिवाय, म्हणजे तळाला आणि बाजूंना प्लास्टिकचे अस्तर घातल्याशिवाय, पाणी टिकत नाही, आणि अस्तरीकरण हा वेगळा घटक असल्यामुळे त्याचा अर्जही स्वतंत्र करावा लागतो. अस्तर केलेल्या तळ्याचे काठ निसरडे असतात, त्यामुळे पहिले पाणी साठण्यापूर्वी चहूबाजूंनी कुंपण घाला आणि काठाला गाठी मारलेला जाड दोर कायमचा बांधून ठेवा.