ठणका थांबला, तरी दात बरा झालेला नसतो

दिवसा कशीबशी सोसलेली दाढ रात्री अंथरुणावर पडताच ठणकू लागते, गरम चहाचा घोट घेतला तर कळ बराच वेळ जात नाही, आणि काही दिवसांनी हे सारे आपोआप थांबते. रुग्ण सुटकेचा निःश्वास टाकतो आणि दवाखान्यात जाणे लांबणीवर टाकतो. माझ्या मते दाताच्या दुखण्यातला सर्वांत फसवा टप्पा हाच आहे.

ज्याला आपण बोलताना दाताची 'नस' म्हणतो, ती खरे तर रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला मऊ गर असते. कीड तिथवर पोहोचली की गराला सूज येते. बोट सुजले तर कातडी ताणली जाऊन सुजेला जागा मिळते. दाताच्या कठीण भिंती मात्र तसूभरही हलत नाहीत, त्यामुळे दाब आतल्या आत वाढतो आणि आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्त अधिक येऊन ठणका आणखी तीव्र होतो. पुढे गर मरतो, त्याबरोबर वेदना कळवणारे तंतूही मरतात. दुखणे थांबते, पण जंतू तिथेच राहून मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडाकडे सरकतात.

जंतूंचा हा वाटा 1965 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने स्पष्ट केला. अमेरिकेतील काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड या संशोधकांनी उंदरांच्या दाढा मुद्दाम गरापर्यंत कोरल्या. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांचा गर जिवंत राहिला आणि उघड्या जागेवर डेंटिनचा, म्हणजे गराभोवतीच्या कठीण भागाचा, नवा थरही तयार झाला. साध्या उंदरांचा गर मात्र कुजला व तिथे गळवे झाली.

म्हणूनच केवळ प्रतिजैविकांच्या गोळ्यांनी हा दात बरा होत नाही. गोळीतले औषध रक्तावाटे पोहोचते, आणि मेलेल्या गरात रक्त पोहोचतच नाही. सूज चेहऱ्यावर पसरली असेल, ताप असेल, तोंड उघडणे किंवा गिळणे अवघड झाले असेल तर प्रतिजैविके लागतात, आणि तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. परंतु दाताच्या आतला मूळ संसर्ग हातानेच साफ करावा लागतो.

रूट कॅनॉल म्हणजे ही सफाई. भूल देऊन, शक्यतो दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावून, बारीक फाइलींनी मुळांच्या नलिका घासल्या जातात, सोडियम हायपोक्लोराइटने धुतल्या जातात आणि गटापर्चा या झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या पदार्थाने भरल्या जातात. नलिका किती, हे मात्र दातागणिक बदलते: वरच्या पुढच्या दातात बहुधा एक, तर वरच्या पहिल्या दाढेत पुष्कळदा चार असतात आणि त्यांतली चौथी इतकी अरुंद असते की ती सहज नजरेतून सुटते. ती राहून गेली तर काही वर्षांनी दुखणे परत येऊ शकते.

उपचारानंतर दोन-चार दिवस चावताना दुखणे स्वाभाविक आहे. मला अधिक काळजी वाटते ती त्यापुढे दाढेवर कॅप, म्हणजे तिला झाकणारे कठीण आवरण, बसवण्यातल्या दिरंगाईची. किडीने पोखरलेल्या दाढेच्या भिंती आधीच पातळ झालेल्या असतात. दुखत नाही म्हणून तात्पुरत्या सिमेंटवरच महिनोन्महिने काढले, तर ते झिजून लाळेबरोबर जंतू पुन्हा आत शिरतात, किंवा सुपारीच्या एखाद्या खांडाने दाढ उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली की बहुतेक वेळा दाढ काढावीच लागते. म्हणून पहिल्या भेटीतच कॅपचा खर्च आणि तारीख विचारून घ्यावी.